दोन झोपांमधली जाग

रात्री दोनला जाग येते. आपण छताकडे बघत पडतो आणि डोक्यात हिशोब सुरू होतो : आत्ता झोप लागली तर चार तास मिळतील, अर्ध्या तासाने लागली तर साडेतीन. इथे बसलेल्या बऱ्याच जणांना हा हिशोब पाठ असेल. आज आपण एवढंच विचारू, की ही मधली जाग दुखणं कधीपासून झाली?

अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ साली एक लेख लिहिला. युरोपातल्या जुन्या रोजनिशा आणि कोर्टातले जबाब वाचताना त्यांना ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ हे शब्द वारंवार सापडले. मध्ये तासभर किंवा थोडी जास्त जाग. त्या वेळात लोक प्रार्थना करत, गप्पा मारत, घरातलं एखादं काम उरकत. गंमत बघा, त्याबद्दल कुणी तक्रार करत नव्हतं! थॉमस वेर यांच्या १९९२ सालच्या प्रयोगातही, रोज १४ तास अंधारात ठेवलेल्या माणसांची झोप काही आठवड्यांत अशीच दोन तुकड्यांत विभागली गेली.

मग बदललं काय? दिवे आले, आणि भोंगा आला. आपल्या मुंबईचंच घ्या. गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि १९०५च्या सुमारास कामाचा दिवस १४-१५ तासांपर्यंत ताणला गेला. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी तो १२ तासांवर आणला. भोंग्याला उठायचंच असेल, तर मध्यरात्रीची जाग परवडत नाही. ती तोटा वाटू लागते.

पण इथे आपण घाई करायला नको. २०१५ साली टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या, वीज नसलेल्या तीन समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते लोक सरासरी ५.७ ते ७.१ तासच झोपत, तेही बहुधा सलग. म्हणजे दोन तुकड्यांची झोप हाच निसर्गनियम, असं म्हणता येत नाही. तरी एक नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे : त्यांपैकी दोन समाजांच्या भाषेत निद्रानाशाला शब्दच नाही.

आपण मात्र शब्दही घडवला आणि गोळीही. १९०३ साली जर्मनीत व्हेरोनाल आलं. पुढची कित्येक दशकं या जातीच्या औषधांनी झोप दिली, त्याबरोबर सवय लावली आणि जादा डोसाने जीवही घेतले.

वेगळी वाट १९७२ साली रिचर्ड बूट्झिन यांनी सुचवली. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जा. लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, डोळे जड झाले की परत या. सकाळी उठायची वेळ रोज एकच, आणि दुपारची डुलकी नाही. यातून पुढे वाढलेल्या वर्तनोपचारालाच २०१६ साली अमेरिकन फिजिशियनांच्या संस्थेने जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपाय ठरवलं. अर्थात घोरताना श्वास अडकत असेल, किंवा दिवसा वाहन चालवताना पेंग येत असेल, तर आधी डॉक्टर. आणि चालू असलेली गोळी मनानेच बंद करायची नाही.

बूट्झिन यांचा सल्ला आणि पहिल्या-दुसऱ्या झोपेची माणसं एकमेकांजवळ ठेवून पाहा. दोन्हीकडे जाग आली की माणूस उठतो. अंथरुणात पडून हिशोब करत बसतो तो आपणच. आज रात्री दोनला जाग आली, तर निदान घड्याळाकडे बघू नका. प्रश्न असतील तर आता घेऊ.