विंचवाचे बिऱ्हाड, ॲल्युमिनियमचे

#थ्रेड

अमेरिकेत जुना प्रवासी ट्रेलर विकत घेऊन, तो दुरुस्त करून त्यातच कायम राहायला निघालेल्या माणसाला दोन आक्षेपांना तोंड द्यावे लागते. जुन्या वस्तूंचे जाणकार सांगतात, मूळ रूपाला हात लावू नका. सरकारी कचेरी विचारते, तुमचा कायमचा पत्ता काय? हे दोन्ही वाद नवे नाहीत. ते थेट १९३० च्या दशकापर्यंत मागे जातात.

आपल्याकडे ट्रेलर म्हटले की ट्रॅक्टरमागची ट्रॉली किंवा चित्रपटाची झलक आठवते. येथे अभिप्रेत आहे ती मोटारीला जोडून ओढायची, स्वतःचे इंजिन नसलेली खोली. तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बसण्याची सोय असते.

या खोलीचा जन्म प्रामुख्याने घरांच्या अंगणात झाला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीने सामान्य अमेरिकन कुटुंबाला मोटार दिली आणि हौशी मंडळी सुताराची हत्यारे घेऊन कामाला लागली. वॉली बायम या लॉस एंजेलिसच्या मासिक-प्रकाशकाने ट्रेलर कसा बांधावा याचे आराखडे ५ डॉलरला विकायला सुरुवात केली. त्याची युक्ती साधी होती. जमीन दोन चाकांच्या मध्ये खाली उतरवायची आणि छत वर न्यायचे, म्हणजे माणसाला आत ताठ उभे राहता येते. आराखड्यांना गिऱ्हाईक मिळत गेले, तसे लोक तयार ट्रेलरही मागू लागले. त्यातून १९३१ मध्ये ‘एअरस्ट्रीम’ उभी राहिली. तिचे आरंभीचे ट्रेलर लाकडी पाट्यांचे होते. चकाकणारे ॲल्युमिनियम नंतर आले.

ते आले विमानाच्या कारखान्यातून. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ मध्ये ज्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमानातून अटलांटिक एकट्याने ओलांडला, त्याच्या बांधणीवर रायन कंपनीत हॉली बोलस देखरेख करत होता. ग्लायडर बांधणाऱ्या या माणसाने १९३४ मध्ये ‘रोड चीफ’ नावाचा ट्रेलर काढला. पातळ पत्रे आतल्या कमानींवर रिव्हेटने ठोकलेले, म्हणजे पंख नसलेले विमानच. दार मात्र पुढच्या टोकाला, मोटारीला जोडण्याच्या दांड्यावर. आत शिरायचे तर तो दांडा ओलांडावा लागे. धंदा बुडाला. १९३६ मध्ये बायमने जवळपास तसाच ‘क्लिपर’ बाजारात आणला, दार बाजूला घेतले आणि किंमत १,२०० डॉलर ठेवली. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

मंदीमुळेच या वस्तूचे दोन अर्थ झाले. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांच्यासाठी ती सहल होती. ज्यांचे घर वा काम गेले होते त्यांच्यासाठी ती शेवटचे छप्पर. रॉजर बॅब्सन या अर्थभाष्यकाराने तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहील, असे भाकीत केले. गावोगावच्या नगरपालिका त्यामुळे धास्तावल्या. घरपट्टी न भरणारे हे शेजारी त्यांना नको होते. मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा आल्या. १९३६ मध्ये मिशिगन राज्यातील ऑर्चर्ड लेक येथील एका प्रकरणात न्यायालयाने ठरवले की चाके असली तरी ट्रेलर हे माणसाचे राहते घरच आहे. ऐकायला हा विजय वाटतो. प्रत्यक्षात घर ठरताच त्याला घरबांधणीचे नियम लागू झाले, आणि त्या नियमांत एवढीशी खोली बसत नव्हती!

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे गेले आणि एअरस्ट्रीमचे काम थांबले. दुसरीकडे, युद्धकारखान्यांच्या कामगारांना राहायला जागा हवी म्हणून सरकारनेच हजारो ट्रेलर विकत घेतले. युद्धानंतर वाटा फुटल्या. १९५० च्या दशकात दहा फूट रुंदीची ‘मोबाइल होम’ निघाली. ती एकदा जागेवर ठेवली की सहसा हलत नसत. प्रवासी ट्रेलर अरुंदच राहिला आणि सुट्टीची वस्तू म्हणून ओळखला जाऊ लागला. बायमने तर १९५९ मध्ये ट्रेलरांचा तांडा केपटाउनहून कैरोकडे नेला.

आज दुरुस्तीला काढले जातात ते बहुधा याच युद्धोत्तर काळातले ट्रेलर. आतला पत्रा उतरवला की पहिल्यांदा दिसतात उंदरांची घरटी आणि काळवंडलेले ग्लासवूल. बाहेरून चकचकीत असलेल्या ट्रेलरची मागच्या टोकाची प्लायवूडची जमीन पुष्कळदा कुजलेली असते, कारण सांध्यांतून पाणी वर्षानुवर्षे झिरपत राहिलेले असते. जमिनीखालच्या लोखंडी चॅसीला गंज चढतो. मग अख्खे कवच चॅसीवरून सोडवून उचलावे लागते. ॲल्युमिनियमचे अस्सल रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात: एक बाहेरून हवेच्या दाबाची हातोडी चालवतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो. हे कसब विमान बांधणाऱ्यांचे.

१९६१ पासून एअरस्ट्रीमच्या ॲक्सलमध्ये रबराचे दांडे होते. धक्के तेच सोसत. साठ वर्षांत ते रबर कडक होऊन निकामी होते. आणखी एक अडचण अशी की, १९६० च्या दशकातील ट्रेलरांत शौचालयाची टाकी असली तरी भांडी आणि अंघोळीचे पाणी साठवायची वेगळी टाकी सहसा नसे. ते सरळ बाहेर सोडले जाई. दोन आठवड्यांच्या सहलीत हे खपून गेले. बारा महिने राहायचे तर टाकी बसवावीच लागते, बॅटरी आणि सौरपट्ट्याही. हे सारे वजन चॅसीला पेलले पाहिजे. घरासारखे भक्कम सागवानी कपाट करायला जाणारे हौशी लोक येथे फसतात.

मग मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? कारखान्यातून बाहेर पडलेले, की ५ डॉलरच्या आराखड्यावरून कोणी अंगणात, हाताशी असेल त्या लाकडातून ठोकलेले? ट्रेलरचा इतिहास दुसऱ्या बाजूने साक्ष देतो. फेरफार हा त्याच्या परंपरेचाच भाग आहे. तरीही एक अपवाद करायला हवा. पन्नासच्या दशकातील लाकडी कपाटे शाबूत असताना ती केवळ पांढऱ्या रंगाच्या फॅशनपायी मोडून टाकणे हा निव्वळ करंटेपणा होय. पत्र्यालाही हेच लागू पडते. मिश्रधातूवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. आरशासारखी चमक आणण्याच्या नादात दर वर्षी तो घासत राहिले तर तो कायमचा निघून जातो.

दुसरा आक्षेप पत्त्याचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असले तरी वाहन परवान्यासाठी आणि मतदानासाठी कुठल्या तरी राज्याचे रहिवासी असावेच लागते. साउथ डकोटा राज्याने रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी एक सोय ठेवली होती. तेथे एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता दाखवला की परवाना मिळे. हजारो बिऱ्हाडे कागदोपत्री तेथली झाली. २०२३ मध्ये त्या राज्याने मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली.