डोंगरावरच्या गावाचे देणे

शनिवारी सकाळी निघायचे, डोंगरातल्या एखाद्या खेड्यात मुक्काम करायचा आणि रविवारी रात्री घरी परतायचे, ही चाल इंग्रजांनी लावली असे सर्रास सांगितले जाते. महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा ही नावे पुढे केली की मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण हाच इतिहास विंचूरसारख्या सपाटीवरच्या गावातून पाहिला तर तो बराच निराळा दिसतो. निफाड तालुक्यातले विंचूर नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. कांदा, गहू आणि द्राक्षे ही त्याची ओळख. डोंगर आहेत ते उत्तरेला, सातमाळ्याच्या रांगेत: चांदवड, धोडप, मार्कंड्या आणि सप्तशृंगी. या सपाटीवरची माणसे त्या डोंगरांत जात होती, तेव्हा माथेरानचा शोधही लागलेला नव्हता. माझे म्हणणे असे की आजच्या या सहलीला वेळ मिळवून दिला गिरणी कामगारांनी, तिच्या सोयी उभ्या राहिल्या इंग्रजी अमलात, पण डोंगरावरच्या गावाशी पाहुण्याने कसे वागावे याची रीत त्याआधीच यात्रेने घालून दिली होती. पहिल्या दोन गोष्टी आपण जपल्या आणि तिसरी सोडून दिली. ती सोडणे ही आपली चूक आहे.

विंचूरचे घराणे इतिहासात गाजले ते तलवारीमुळे. विठ्ठल शिवदेव विंचूरकर पेशव्यांचे नामांकित सरदार. पानिपताच्या रणातून जे थोडे सेनानी परत आले, त्यांत ते होते. पुण्यातला विंचूरकर वाडा लोकमान्य टिळकांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. याच घराण्याची एक लहानशी नोंद मात्र सहसा कोणी सांगत नाही. १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात सप्तशृंगी गडाचे वर्णन आहे. देवीच्या मूर्तीसमोर पूर्वी सातारच्या सेनापतींनी बांधलेली वास्तू होती आणि तिच्या जागी विंचूरच्या जहागीरदारांनी नुकतीच नवी, साधी इमारत उभी केली, असे त्यात म्हटले आहे. गडावर चढणाऱ्या शेकडो दगडी पायऱ्यांचे श्रेय सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांना दिले जाते. वणीकडून येणारी रडतोंडीची वाट नावाप्रमाणेच जिवावर येणारी, तिथेही भाविकांनी पायऱ्या घडवल्या. उमाबाई, विंचूरचा जहागीरदार, वाटेवर पायऱ्या घडवणारे भाविक, यांपैकी कोणीच गडाचे रहिवासी नव्हते. ते आले आणि पुढच्याचा पाय घसरू नये, पावसात त्याला आडोसा मिळावा, एवढी तजवीज करून गेले. पाहुण्याने डोंगरावर काहीतरी मागे ठेवून जायचे, या रीतीचा हा दगडात शिल्लक असलेला पुरावा आहे.

जायचे कधी, हेही पाहुण्याच्या मर्जीवर नव्हते. गडाची मोठी यात्रा रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत चालते आणि खानदेशातून माणसे आजही उन्हातान्हात पायी येतात. हा काळ शेताच्या वेळापत्रकात नेमका बसतो. गहू, हरभरा खळ्यावरून घरात आलेला असतो, खरिपाच्या मशागतीला अवकाश असतो, सपाटीवर उन्हाची काहिली सुरू झालेली असते. दुसरा मेळा नवरात्रात भरतो आणि कोजागरीला कावडी येतात, म्हणजे पावसाळी कामे उरकल्यावर. एरवी डोंगर डोंगरवाल्यांचा असे. त्यातही एक जागा पाहुण्याला कायमची बंद होती आणि आहे. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री गडाच्या शिखरावर ध्वज लागतो, आणि तो लावण्याचा मान दरेगावच्या गवळी पाटलांचा. ध्वजाचे कापड, काठी आणि पूजेचे साहित्य घेऊन ते मध्यरात्री उभ्या कड्याच्या सुळक्यावर जातात. पहाटे खाली जमलेल्या हजारो लोकांना फडकता ध्वज दिसतो. राजा असो, सरदार असो की सावकार, त्या शिखरावर जायचा हक्क डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका घराण्याकडेच राहिला. इतकी गर्दी पेलूनही गाव त्या सोहळ्याचे यजमान राहिले, ते अशा ठरावीक मानांमुळे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की ही तर देवाची यात्रा, तिला सहल कसे म्हणायचे? नवस फेडायला जाणारा आणि हवा खायला जाणारा यांना एका मापाने मोजू नये, हे खरे. पण महाराष्ट्रातली कोणतीही जत्रा पाहा, दर्शन हा तिचा एक भाग असतो. बांगड्यांची आणि भांड्यांची दुकाने, कुस्त्यांचा फड, तमाशा, रेवड्या-गुडीशेव, सोयरिकीची बोलणी आणि माहेरच्या माणसांच्या भेटी हे सगळे त्याच चार दिवसांत उरकत असे. शेतकरी कुटुंबातल्या बाईला घराबाहेर, चुलीपासून दूर राहण्याचे जे थोडे दिवस मिळत, त्यांत यात्रेचा वाटा फार मोठा होता. विसावा, हवापालट आणि करमणूक यांची गरज पूर्वीच्या लोकांनाही होती, फक्त त्यासाठी त्यांनी वेगळा शब्द केला नाही. म्हणून यात्रा आणि सहल यांतला फरक हेतूपेक्षा यजमान गावाशी असलेल्या नात्यात जास्त शोधावा लागतो.

ते नाते बदलले एकोणिसाव्या शतकात. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात वाई भागातले खंडाळा गाव दिले. तिथे वसलेल्या पेठेला माल्कम पेठ नाव पडले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या माथ्यावर पोचले आणि पाहता पाहता तिथे बंगल्यांसाठी जागा आखल्या गेल्या. या गावांची गरज आजारी गोऱ्या सैनिकांची आणि उन्हाने हैराण झालेल्या अधिकाऱ्यांची होती, त्यामुळे त्यांची मांडणीही तशीच झाली: मोक्याच्या कड्यांना साहेबांची नावे, गर्द सावलीत बंगले, आणि बाजार व नोकरवस्ती बाजूला. महाबळेश्वरात चिनी कैद्यांकडून भाजीपाला पिकवून घेतला जाई. माथेरानच्या डोंगरातले ठाकूर आणि कातकरी, जे पिढ्यान्‌पिढ्या त्या रानाचे जाणकार, ते ओझी वाहणारे झाले. जो गावचा यजमान असायचा तो हमाल झाला, या एका बदलात सगळी गोष्ट येते. यात इंग्रजांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला पोचला नसता, तर मुंबईकराला नाशिकचा डोंगर इतका जवळ आला नसता. माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली ती तर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशावर आणि जिद्दीवर. सोयी आल्या आणि त्या हव्याच होत्या. मात्र डोंगर ही विकत किंवा भाडेपट्ट्याने घ्यायची जागा आहे, ही समजूतही त्याच गाडीने वर आली.

उरला प्रश्न वेळेचा. आठवड्याची सुट्टी साहेबाने आपल्या मर्जीने दिली, असेही पुष्कळांना वाटते. कचेऱ्यांना आणि मिशनच्या शाळांना रविवार मोकळा होता, पण मुंबईच्या गिरणीत घाम गाळणाऱ्याला तो नव्हता. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले आणि सहा वर्षे ती लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे यांच्या मागणीत विश्रांतीबरोबर समाजाच्या कामाचाही विचार होता. सहा दिवस मालकाचे, तर एक दिवस स्वतःच्या माणसांसाठी आणि समाजासाठी, ही तिची भूमिका होती. ज्या मोकळ्या दिवसावर आज डोंगरातल्या सहलींचा सारा धंदा उभा आहे, तो एका कामगार नेत्याच्या चळवळीतून आला आहे. तो दिवस दुसऱ्या कष्टकऱ्याच्या गावात उधळायचा असेल, तर त्याच्या मागचा विचार आपण विसरलो असे म्हणावे लागेल.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. यात्रेची रीत म्हणून ज्याचे गुण गायचे, ती सगळ्यांसाठी खुली होती काय? नव्हती. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २ मार्च १९३० पासून सत्याग्रह उभारावा लागला आणि तो वर्षानुवर्षे चालूनही देवळाची दारे उघडली नाहीत. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली ती येवल्यात, म्हणजे विंचूरवरून पुढे जाणाऱ्या त्याच रस्त्यावर. शिवाय जहागीरदाराने बांधलेल्या वास्तूचा पैसा अखेर रयतेच्या साऱ्यातूनच आलेला असतो. यात्रांच्या गर्दीत पटकीची साथ फैलावून गावेच्या गावे ओस पडल्याच्याही आठवणी महाराष्ट्राला आहेत. हे सारे मान्य करूनच बोलले पाहिजे. पण यातून निघते ते इतकेच की ती रीत जातीपातीच्या आणि जहागिरीच्या हातात होती. जहागिरी गेल्या, देवळांची दारे कायद्याने उघडली, लशी आणि नळाचे पाणी आले. जे दोष होते त्यांवर लढून उपाय झाले. त्यांच्या बरोबर पाहुण्याचे कर्तव्यही निकालात काढावे, असे कोणत्याही समाजसुधारकाने सांगितलेले नाही. उलट पूर्वी जे एका सरदाराच्या दानतीवर अवलंबून होते, ते आता प्रत्येक सुट्टीकराकडून हक्काने मागता येते.

तिसरे म्हणणे व्यवहाराचे आहे: पर्यटनाने डोंगरात रोजगार येतो, आणखी काय द्यायचे? रोजगार येतो यात शंका नाही, आणि तो नाकारणे म्हणजे गरिबाच्या ताटातली भाकरी काढणे. पण तो कोणत्या अटीवर येतो हे पाहिले पाहिजे. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी, सांदण दरीजवळचे साम्रद, रतनगडाखालची रतनवाडी ही अकोले तालुक्यातली महादेव कोळ्यांची गावे. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला इतकी वाहने लोटतात की वनखात्याला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागतात, कारण दिव्यांच्या झोतात काजव्यांचे मीलनच बिघडते. पैसा येतो, पण ज्याच्यासाठी लोक येतात तेच मरू लागते. याच अकोले तालुक्यात पुरुषवाडीने दुसरी वाट दाखवली आहे. तिथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचेच जेवतात, वाटाड्या गावातला असतो आणि व्यवस्था गाव ठरवते. दोन्हीकडे रोजगारच आहे. फरक एवढा की एका ठिकाणी गाव यजमान आहे, दुसऱ्या ठिकाणी गाव फक्त देखावा आहे.

विंचूरकराला तर हे देणे अधिकच लागू आहे. दिंडोरीकडच्या डोंगरांत उगवणारी कादवा पालखेडला अडवली गेली आणि तिथला डावा कालवा निफाड-येवल्याच्या शेतांना पाणी देतो. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि त्यातून विंचूरला वाईन पार्क उभे राहिले, ते द्राक्षांच्या जोरावर. ती द्राक्षे पिकतात डोंगरातून आलेल्या पाण्यावर. म्हणजे सपाटीचा माणूस सुट्टीला डोंगरात जातो तेव्हा तो परक्या मुलखात जात नाही. ज्याचे पाणी तो वर्षभर पितो त्या घरी जातो, आणि त्या घरच्या बाया उन्हाळ्यात हंड्यासाठी दरी उतरत असतात.

म्हणून या रीतीचे पुनरुज्जीवन म्हणजे पायी यात्रेकडे परत जाणे नव्हे. गावाने ठरवलेल्या हंगामात जावे, पेरणीच्या आणि काजव्यांच्या दिवसांत गावाने नको म्हटले तर थांबावे. मुक्काम गावकऱ्याच्या घरी करावा, नाहीतर ग्रामसभेला मान्य असलेल्या जागेत करावा. आणलेला कचरा परत न्यावा. गावाच्या पाणवठ्यासाठी, शाळेसाठी, पायवाटेसाठी ग्रामपंचायतीच्या खात्यात पावती घेऊन काही रक्कम भरावी, आणि ग्रामपंचायतींनीही असा निधी उघडपणे मागावा. शिखर, देवराई, झऱ्याचे तोंड यांपैकी जी जागा गाव राखून ठेवील ती पाहण्याचा हट्ट सोडावा. विंचूरच्या जहागीरदाराने गडावर इमारत बांधली तेव्हा त्याला कोणत्या कायद्याने भाग पाडले नव्हते. आपण पुढच्या शनिवारी निघू तेव्हा आपल्यालाही कोणी भाग पाडणार नाही. म्हणूनच ते आपण होऊन करायला हवे.