तड्याचं कुळ

नाशिकच्या भांडीबाजारात चिनी मातीची बरणी घेताना आजी आधी ती बोटाच्या पेराने वाजवायची. टणटणीत वाजली तरच भाव विचारायचा. बद्द वाजली की पुढचं दुकान. झिलईवर केसाएवढी चीर दिसली तरी बरणी परत. "चिरेत खार मुरतो," एवढंच म्हणायची. त्याच चिरेपायी चीनचे बादशहा वेडे झाले होते, हे तिला सांगायचं राहून गेलं.

1127 मध्ये जुर्चेनांनी सोंग राजांची राजधानी काइफेंग घेतली आणि दरबार दक्षिणेला हांगचौला आला. तिथल्या दरबारी भट्ट्यांतून निघालेली भांडी ती 'ग्वान', म्हणजे सरकारी. काळपट पातळ अंग, त्यावर थरावर थर दिलेली निळसर-करडी झिलई. रंग एकच. नक्षी म्हणाल तर तड्यांची.

भट्टी निवताना अंगही आकसतं आणि झिलईही. झिलई जास्त आकसली की अंगाला पुरत नाही, आणि आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी भेगाळते. आतलं अंग मात्र शाबूत. आजी वाजवून शोधायची तो तडा अंगाचा. हा नुसता कातडीचा. मुळात ही चूकच असावी असं मला वाटतं. पण कुंभारांनी ती ओळखली आणि मिश्रण बदलून हवी तेव्हा घडवून आणली.

ग्वानचीच भावकी म्हणजे 'गे' भांडी. गे म्हणजे थोरला भाऊ. लोंगच्वानमध्ये चांग आडनावाचे दोन कुंभार भाऊ होते, त्यातल्या थोरल्याची ही भांडी, असं मिंग काळापासून सांगतात. गोष्ट झकास आहे, पण ही भांडी नेमकी कुठली नि कधीची यावर जाणकारांचं भांडण अजून मिटलेलं नाही. त्यांच्यावर मोठे तडे काळे आणि त्यांच्या मधले बारीक तडे पिवळसर असतात. चिनी रसिकांनी त्याला नाव दिलं 'सोन्याचा धागा, लोखंडाची तार'. पुढे योंगचेंग बादशहाने (1723–1735) चिंगदचनच्या भट्ट्यांत या जुन्या भांड्यांच्या हुबेहूब नकला करवून घेतल्या.

या तड्यांचा एक मोठा वेडा आपल्याच मुंबईत जन्मला. पर्सिव्हल डेव्हिड, जन्म 1892, घराणं बगदादी ज्यू; वडील ससून डेव्हिड बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. पेकिंगच्या राजवाड्यातली काही भांडी एका बँकेत गहाण पडली होती, ती 1920च्या दशकात पर्सिव्हलने विकत घेतली. जमवता जमवता संग्रह सुमारे 1,700 नगांवर गेला. 1950 मध्ये त्याने तो लंडन विद्यापीठाला दिला; आज तो ब्रिटिश म्युझियमच्या 95 क्रमांकाच्या दालनात आहे.

आमच्याकडे एक जुनी बशी आहे. तिच्या झिलईत वर्षानुवर्षं हळद शिरून पिवळी जाळी उमटली आहे. आजीने ती जेवणातून काढून तुळशीपाशी, पणतीखाली ठेवली होती.