पंखहीन माशी आणि आतड्याचा कर्करोग

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास ‘विंट’ या संदेशमार्गाशिवाय पुढे सरकत नाही. हा मार्ग पेशींना विभाजनाचे आदेश पोहोचवतो. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षर मात्र दिल्लीत झालेल्या कामातून आले आहे, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

दक्षिण दिल्लीत मुनिरक्याच्या परिसरात आज जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या संस्थांमध्ये जीवशास्त्राचे संशोधन चालते. ही कथा मात्र तेथून काही किलोमीटर उत्तरेस, पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत सुरू होते. १९७३ मध्ये आर. पी. शर्मा यांनी फळमाशीच्या एका नव्या उत्परिवर्तनाची नोंद केली. त्यातील अनेक माश्यांना एक किंवा दोन्ही पंख नव्हते. नाव साधेच दिले गेले: ‘विंगलेस’. १९७६ मध्ये शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी दाखवले की, हरवलेल्या पंखाच्या जागी छातीच्या पाठीकडील भागाचीच दुसरी प्रत घडते. प्रश्न होता शरीराच्या घडणीचा. कर्करोगाचा तेथे उल्लेखही नव्हता.

१९८२ मध्ये रोएल नुस आणि हॅरॉल्ड वार्मस यांना उंदरांच्या स्तनांतील गाठींत ‘इंट-१’ हे जनुक सापडले. विंगलेस हे त्याचेच माशीतील रूप असल्याचे १९८७ मध्ये उघड झाले आणि दोन नावांच्या संयोगातून ‘विंट’ हे नाव रूढ झाले.

आतड्याशी याचा संबंध काय? आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशी हे काम करतात आणि त्यांना सतत विभाजित होत ठेवतो तो विंटचाच संदेश. १९९१ मध्ये ओळखले गेलेले एपीसी हे जनुक या संदेशाला लगाम घालते. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत हा लगामच तुटलेला आढळतो.

तो नेमक्या कोणत्या पेशीत तुटला की गाठ वाढते? २००७ मध्ये नेदरलँड्समधील निक बार्कर आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने ‘एलजीआर-५’ या खुणेने मूळपेशी ओळखल्या. २००९ मध्ये त्यांनी उंदरांच्या या पेशींतून एपीसी काढून टाकले, तेव्हा गाठी झपाट्याने वाढल्या. मूळपेशींपासून निपजलेल्या अल्पायुषी पेशींतून ते काढले, तेव्हा वाढ बहुधा लवकरच थांबली. दीर्घकाळ टिकून सतत विभाजित होणाऱ्या पेशीतील बिघाडच अधिक घातक ठरला.

उपचाराची अडचणही येथेच आहे. विंट रोखणारे औषध गाठीबरोबर निरोगी मूळपेशींचाही आधार काढून घेते आणि अस्तराचे नूतनीकरण धोक्यात येते. दोहोंतील फरक साधणे हे आजही संशोधकांपुढील आव्हान आहे. ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न मूलभूत संशोधनाला निधी देताना हमखास विचारला जातो. १९७३ मध्ये पुशातील त्या माशीबद्दल तो विचारला गेला असता, तर ‘कर्करोग’ हे उत्तर कोणालाही देता आले नसते.