निवासी वस्तीतील ध्वनिनियमन (बंगळुरू)

निवासी वस्तीतील ध्वनिनियमनात आवाजाच्या मर्यादा, त्या पाळल्या जाव्यात म्हणून उभी केलेली यंत्रणा आणि रहिवाशाने दाद मागण्याची रीत या तिन्ही गोष्टी येतात. बंगळुरूत या विषयाचा मुख्य आधार केंद्र सरकारचे ‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ हा आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले हे नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी लागू झाले. त्यांची अंमलबजावणी पोलिसांकडे आहे, मोजमापाची तांत्रिक बाजू कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, तर व्यवसायाचे आणि बांधकामाचे परवाने महापालिकेकडे. गोंगाट हा नागरिकाला पालिकेचा प्रश्न वाटतो, पण तो थांबवण्याचा थेट अधिकार पालिकेला नाही. शहरातील बहुतेक वादांचे मूळ या वाटणीत सापडते.

नियमांनी क्षेत्रांचे चार प्रकार केले आहेत आणि सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस, तर रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली आहे. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० अशा मर्यादा आहेत. कोणता भाग कोणत्या प्रकारात मोडतो हे राज्य सरकारने ठरवायचे असते. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. मात्र २०१७च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय तो दर्जा मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१७ रोजी या दुरुस्तीला स्थगिती दिली होती, पण तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

हे आकडे नीट समजण्यासाठी डेसिबलचे गणित माहीत हवे. हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होणे, आणि माणसाच्या कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ५५ची मर्यादा असलेल्या गल्लीत ७५ डेसिबल भरले, तर ऊर्जा शंभरपट झाली. शिवाय मर्यादा ठराविक काळाच्या सरासरीवर बेतलेली आहे. रात्री दोन वाजता कर्कश सायलेन्सरची एकच मोटारसायकल गेली, तर झोप मोडते, पण आठ तासांच्या सरासरीत ती तितकी उठून दिसत नाही. दुसरी अडचण ठेक्याच्या खर्जाची आहे. मोजमापासाठी ‘ए’ भारांकन वापरतात आणि ते मानवी कानाच्या संवेदनक्षमतेप्रमाणे खालच्या पट्टीतील ध्वनींना कमी वजन देते. भिंती आणि स्लॅब भेदून येतो तो नेमका हाच खर्ज. शेजारच्या पबमधले गाणे ऐकू येत नाही, ठेका मात्र छातीत जाणवतो. अशा वेळी यंत्रावरचा आकडा रहिवाशाच्या त्रासापेक्षा कमी दिसतो. ही तक्रारदाराची अतिशयोक्ती नसते, मोजण्याच्या पद्धतीची मर्यादा असते.

बंगळुरूचे हवामानही येथे लक्षात घ्यावे लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात वर्षाचा बराच काळ लोक खिडक्या उघड्या ठेवून झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत निजायच्या खोलीत रात्री ३० डेसिबल, आणि खिडकी उघडी असेल तर घराबाहेर ४५ डेसिबल अशी शिफारस केली होती. भारतीय नियमांतील रात्रीची निवासी मर्यादा याच दुसऱ्या आकड्याशी जुळते. म्हणजे मर्यादा मुळात सैल नाही. ती पाळली जात नाही, हा खरा प्रश्न आहे.

लाउडस्पीकर किंवा ध्वनिवर्धक लावण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही. सभागृह, कल्याण मंटप यांसारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापराची सवलत आहे. राज्य सरकारला धार्मिक वा सांस्कृतिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेच्या हद्दीवर ही सूट फक्त ५ डेसिबलची आहे. २०१० साली नियमांत आणखी भर पडली आणि निवासी भागात रात्री हॉर्न वाजवणे, आवाजाचे फटाके फोडणे व गोंगाट करणारी बांधकामयंत्रे चालवणे यांवर बंदी आली. वीज गेली की सोसायट्यांत सुरू होणाऱ्या डिझेल जनित्रांसाठी निराळे मानक आहे. १००० केव्हीएपर्यंतच्या नव्या जनित्राचा आवाज आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त असू नये.

या नियमांना न्यायालयांनी बळ दिले. ‘चर्च ऑफ गॉड’ प्रकरणात ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इतरांची शांतता भंग करून ध्वनिवर्धकावरून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. १८ जुलै २००५च्या ध्वनिप्रदूषणविषयक निकालात सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या पीठाने नको असलेला आवाज कानावर न पडण्याचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काशी जोडला. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, पण ऐकायला भाग पाडण्याचे नाही, ही त्या निकालाची मध्यवर्ती भूमिका होती आणि शेजाऱ्यांमधल्या वादातही ती तितकीच उपयोगी पडते.

बंगळुरूतील संघर्षाचे सर्वांत बोलके उदाहरण इंदिरानगरचे आहे. घरांसाठी आखलेल्या या वसाहतीत १०० फुटी रस्ता आणि त्याला मिळणाऱ्या १२व्या मेनसारख्या रस्त्यांवर माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीबरोबर उपाहारगृहे, पब आणि गच्चीवरचे बार उभे राहिले. कोरमंगला आणि एचएसआर लेआउटमध्येही हेच घडले. २००७मध्ये लागू झालेल्या ‘सुधारित बृहत् आराखडा २०१५’ने निवासी भागांत मिश्र वापराला मोकळीक दिली, आणि एकाच भिंतीच्या एका बाजूला निजायची खोली, दुसऱ्या बाजूला नृत्याची जागा अशी स्थिती आली. ध्वनिनियमांच्या परिशिष्टात मिश्र क्षेत्राला चारपैकी एक प्रकार ठरवून देण्याची तरतूद आहे. तो प्रकार कोणता, यावरच रात्रीची मर्यादा ४५ की ५५ हे अवलंबून राहते. रहिवासी रस्त्याला निवासी मानतात, व्यावसायिक आपल्या परवान्याकडे बोट दाखवतात. याच नियमांनी विकास प्राधिकरणे आणि स्थानिक संस्था यांना नियोजन करताना आवाजाचा विचार जीवनमानाचा एक निकष म्हणून करायला सांगितले आहे. स्थानिक शासनाचे खरे काम येथे होते. आराखड्यातच घर आणि पब यांच्यात अंतर ठेवले असते, तर पोलिसांना रात्री एक वाजता मोजमापयंत्र घेऊन फिरावे लागले नसते.

पबवर पोलिसांचा दुसरा अंकुश परवान्याचा. कर्नाटक पोलिस अधिनियम, १९६३ खाली काढलेल्या २००५च्या सार्वजनिक करमणूकस्थळांच्या आदेशानुसार लाइव्ह बँड आणि डिस्कोथेक यांना पोलिस आयुक्तांचा परवाना आवश्यक ठरला. उपाहारगृहचालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने हा आदेश वैध ठरवला. त्यानंतर परवान्यासाठी इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि ते अनेक इमारतींकडे नव्हतेच. त्या वर्षी शहरातील कित्येक ठिकाणचे प्रत्यक्ष गायन-वादन बंद पडले. या घटनाक्रमात रहिवाशांना शांतता मिळाली, पण ती आवाज मोजून मिळाली नाही. शांतपणे गिटार वाजवणारा आणि खिडक्या हादरवणारा डीजे एकाच कागदावर अडले. ध्वनिनियमनाचे काम इमारतीच्या कागदपत्रांवर सोपवले की असा अन्याय होतो.

धार्मिक स्थळांच्या भोंग्यांचा प्रश्नही याच शहरात उच्च न्यायालयापुढे आला. तेथे त्या काळी मुख्य न्यायमूर्ती होते अभय ओक. मुंबई उच्च न्यायालयात असताना २०१६च्या ऑगस्टमध्ये डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर त्यांच्या पीठाने लाउडस्पीकर लावणे हा मूलभूत हक्क नाही असा निर्णय दिला होता. कर्नाटकातही त्यांच्या पीठाने २०२१च्या सुरुवातीला धार्मिक स्थळांवरील नियमभंगाविरुद्ध कारवाई करण्यास राज्याला सांगितले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, भोंग्यांवरून राजकीय वातावरण तापलेले असताना, बंगळुरू पोलिसांनी ३०१ ठिकाणांना नोटिसा दिल्याचे जाहीर झाले. त्यांत १२५ मशिदी, ८३ मंदिरे, २२ चर्च, ५९ पब, बार व उपाहारगृहे आणि १२ उद्योग होते. ही यादी महत्त्वाची आहे, कारण गोंगाट कोणा एका समाजाचा नाही हे तिच्यातून दिसते. १० मे २०२२ रोजी राज्य सरकारने आदेश काढून परवानगी घेण्यासाठी १५ दिवसांची मुदत दिली आणि समित्या नेमल्या. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत सहायक पोलिस आयुक्त, महापालिकेचा कार्यकारी अभियंता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी अशी समितीची रचना आहे. एरवी वेगवेगळ्या दालनांत बसणारे तिघे निदान कागदावर तरी तेव्हा एकत्र आले.

उत्सवांचा आवाज हंगामी असतो. गणेशोत्सव, गल्लीगल्लीतील अण्णम्मा देवीचे मांडव आणि नोव्हेंबरभर चालणारे कन्नड राज्योत्सवाचे ऑर्केस्ट्रा यांत वाद मुख्यतः रात्री दहानंतरच्या वेळेचा असतो. बांधकामाचा आवाज मात्र बारमाही आहे. कोंडी टाळण्यासाठी अवजड मालमोटारींना दिवसा शहरात निर्बंध असल्याने वाळू, खडी, सळ्या आणि तयार काँक्रीट रात्री येते. सळ्या ट्रकवरून फेकल्या जातात, मिक्सर घुमत राहतात. वाहतुकीचा नियम पाळताना ध्वनिनियम मोडला जातो, आणि दोन्हींवर देखरेख पोलिसांचीच असते. बोअरवेल खोदणारी यंत्रे आणि मेट्रोची रात्रीची कामे यांची भर वेगळी. याउलट मोठा दिलासा मिळाल्याचे एक उदाहरण आहे. मे २००८मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला, नागरी उड्डाणे एचएएल विमानतळावरून हलली आणि भोवतालच्या दाट वस्तीवरून रात्रंदिवस होणारी प्रवासी विमानांची ये-जा थांबली.

शहराचा आवाज सतत नोंदवण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११मध्ये राष्ट्रीय ध्वनिसंनियंत्रण जाळे सुरू केले. बंगळुरूत त्याची दहा केंद्रे आहेत. बीटीएम लेआउट, निसर्ग भवन आणि डोमलूर ही निवासी क्षेत्रे, निम्हान्स आणि आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालय ही शांतता क्षेत्रे, तर परिसर भवन, मराठहळ्ळी, यशवंतपूर, पीण्या आणि व्हाइटफील्ड ही व्यापारी व औद्योगिक ठिकाणे त्यांत येतात. या नोंदी धोरणासाठी उपयोगी असल्या, तरी एखाद्या गल्लीतल्या विशिष्ट पबविरुद्ध पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही. तेथे अधिकाऱ्याने जागेवर जाऊन मोजावे लागते.

रहिवासी सहसा ११२ क्रमांकावर फोन करतो आणि पोलिसांची ‘होयसळ’ गाडी येते. गाडी दिसताच आवाज उतरतो, गेल्यावर चढतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून लेखी तक्रार जास्त परिणामकारक ठरते. तारीख, वेळ, आवाजाचा स्रोत आणि आधीच्या फोनचे संदर्भ देऊन ती पोलिसांकडे व प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिली की नोंद तयार होते. नियमानुसार आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला असेल, तर कोणालाही तक्रार करता येते. म्हणजे दिवसा निवासी भागात तक्रारीचा उंबरठा प्रत्यक्षात ६५ डेसिबल ठरतो, ही रहिवाशांना अनेकदा माहीत नसलेली बाब. सोसायटीच्या आतला त्रास, उदाहरणार्थ वरच्या मजल्यावरचे ड्रिल किंवा पार्टी, आधी सोसायटीच्या उपविधींनुसार हाताळला जातो.

दंडाचे मार्ग अनेक आणि विषम आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली सार्वजनिक उपद्रवाला एक हजार रुपयांपर्यंत दंड होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ने कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव बंद करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. पर्यावरण अधिनियमाच्या कलम १५मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. १ एप्रिल २०२४पासून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला असून तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. कैदेच्या धाकापेक्षा लवकर बसणारा दंड जास्त उपयोगी पडू शकतो. पण त्यासाठी मोजमापाचा पंचनामा वेळेवर व्हायला हवा.

सप्टेंबर २०२५मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिका संपून तिच्या जागी मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा पाच महापालिका व त्यांवर ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण अशी रचना आली. पोलिस राज्याच्या गृह खात्याखाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ पर्यावरण खात्याखाली पूर्वीप्रमाणेच राहिले. व्यवसाय व बांधकामाच्या परवान्यांसाठी मात्र आता एकाऐवजी पाच कार्यालये आहेत, आणि परवान्याच्या अटींमधून आवाज रोखायचा झाल्यास पोलिसांना या पाचांशी स्वतंत्रपणे समन्वय साधावा लागतो.