डोरोथी कॅरीची बंगालमधील घरे

मराठी मुद्रणाच्या इतिहासात विल्यम कॅरीचे नाव अगदी आरंभीच्या पानांवर येते. १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले आणि १८१० साली मोडी टायपातील मराठी-इंग्रजी शब्दकोश. (हे महाराष्ट्रातले श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीकाठी वसलेले, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेले हे गाव.) हे ग्रंथ ज्या घराच्या छपराखाली आकाराला आले, त्या घरात कॅरीची पत्नी डोरोथी एका खोलीत कोंडलेली होती. ती तिथवर कशी पोहोचली, त्याचा हा थ्रेड.

डोरोथी प्लॅकेट ही इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातली. या परगण्याला समुद्रकिनारा नाही. १७८१ साली पिडिंग्टनच्या चर्चमध्ये तिचे लग्न झाले. नवरा जोडे शिवणारा होता आणि तिच्याहून पाचएक वर्षांनी लहान. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली. त्याच नवऱ्याने पुढे जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केले. तो बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला आणि ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग येथे स्थापन झालेल्या मिशनरी सोसायटीचा पहिला प्रवासी म्हणून हिंदुस्थानात जायला निघाला. सोसायटीच्या पहिल्या बैठकीत जमलेली वर्गणी होती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स.

डोरोथीने नकार दिला. तिला दिवस गेले होते, पदरी तीन मुलगे होते, दोन मुली तिने आधीच मातीआड केल्या होत्या. फ्रान्सशी युद्ध पेटल्यामुळे समुद्रही सुरक्षित नव्हता. मग कॅरीने थोरल्या फेलिक्सला, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला, बरोबर घेतले आणि पत्नीला मागे ठेवून तो निघाला. हे धर्मवेड होते की निष्ठा, यावर चरित्रकारांनी भरपूर शाई खर्च केली आहे. डोरोथीच्या दृष्टीने मात्र एक मुलगा तिच्या हातून गेला होता.

पुढचा प्रसंग एखाद्या नाटकात शोभावा असा आहे. कॅरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता आणि परवान्यावाचून कंपनीच्या मुलखात युरोपियनांना राहता येत नसे. त्यामुळे त्याला जहाजावरून उतरवण्यात आले. त्याचा सोबती डॉक्टर जॉन थॉमस यापूर्वी बंगालमध्ये राहून आलेला, उत्साही, बोलका आणि कायम कर्जात बुडालेला मनुष्य होता. त्याने एका डॅनिश जहाजावर जागा मिळवली. निघण्यापूर्वी दोघे पुन्हा पिडिंग्टनला गेले. डोरोथी नुकतीच बाळंत झाली होती. ती पुन्हा नाहीच म्हणाली. दोघे बाहेर पडले आणि थॉमस वाटेतून एकटाच माघारी वळला. कुटुंब कायमचे दुभंगेल आणि तू जन्मभर पस्तावशील, असे त्याने तिला सांगितले.

यावर ती कबूल झाली. तिची अट एकच होती : धाकटी बहीण किटी बरोबर आली पाहिजे. किटीला विचार करायला फार वेळ मिळाला नाही. घरातले सामान घाईघाईने विकून, चार मुले घेऊन कुटुंब निघाले आणि १३ जून १७९३ रोजी डोव्हरहून जहाज सुटले. तान्हा जेबेझ अवघ्या काही आठवड्यांचा होता. या संमतीला संमती म्हणावे का, हा प्रश्न डोरोथीच्या कथेतून वगळता येत नाही.

पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १७९३ मध्ये, ही मंडळी कलकत्त्यात उतरली. परवाना नव्हता आणि पहिल्या काही महिन्यांच्या खर्चासाठी विकायला आणलेला माल थॉमसच्या हातून भराभर संपला. शहर महाग पडू लागले, तेव्हा हुगळीजवळच्या पोर्तुगीज वसाहतीत, बांडेलला, बिऱ्हाड हलले. तिथे जमेना म्हणून पुन्हा कलकत्ता. माणिकतल्ल्याला नीलू दत्त नावाच्या सावकाराने आपले एक लहानसे बागघर त्यांना भाडे न घेता राहायला दिले. इकडे डोरोथी आणि फेलिक्स आमांशाने अंथरुणाला खिळले होते आणि त्याच शहरात थॉमस डॉक्टरकीचे दुकान थाटून बऱ्यापैकी सुखात राहत होता.

या दिवसांतील कॅरीच्या रोजनिशीत पत्नी आणि मेहुणी यांच्या कुरकुरीचा उल्लेख येतो. तक्रार पावाची होती : भातावर दिवस काढावे लागतात, पाव मिळत नाही. जुन्या चरित्रकारांनी हा तपशील डोरोथीच्या क्षुद्र मनाचा पुरावा म्हणून वापरला. पण घाटावरचा माणूस कोकणात आजारी पडला तर त्यालाही भाकरीच आठवते. पोटाच्या विकाराने जेरीस आलेल्या, अंगावर मूल पिणाऱ्या बाईने ओळखीचे अन्न मागावे, यात क्षुद्र काय? शिवाय ही तक्रार आपल्यापर्यंत पोहोचते ती नवऱ्याच्या लेखणीतून. डोरोथीविषयी जे कळते ते बहुतेक त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कागदांतूनच.

फेब्रुवारी १७९४ मध्ये पुढचा मुक्काम. कॅरीचा मुन्शी रामराम बसू याच्या ओळखीने सुंदरबनच्या कडेला जमीन मिळण्याची शक्यता दिसली. होडीतून सगळे कुटुंब खाडीखाडीने निघाले. शिधा संपत आला असताना देभाटा येथे काठावर एक इंग्रजी वळणाचे घर दिसले. ते होते कंपनीच्या मिठाच्या खात्यातील अधिकारी चार्ल्स शॉर्ट याचे. शॉर्टला धर्माचे फारसे सोयरसुतक नव्हते, मिशनरी कार्यावर विश्वास तर मुळीच नव्हता. तरी त्याने या अनोळखी बिऱ्हाडाला आपल्या घरात ठेवून घेतले. सोसायटीचे पैसे, थॉमसचे अंदाज, कॅरीच्या योजना सगळे फसले असताना कुटुंब तगले ते एका सावकाराच्या आणि एका अश्रद्ध मीठ-अधिकाऱ्याच्या औदार्यावर. मिशनच्या गौरवग्रंथांत या दोघांना अधिक जागा मिळायला हरकत नव्हती.

कॅरी जंगल तोडून झोपडी उभारू लागला. परिसरात वाघांचा वावर होता. तेवढ्यात उत्तरेकडून बोलावणे आले : माल्दा येथील कंपनीचा व्यापारी अधिकारी जॉर्ज उडनी याला मदनाबाटीच्या नव्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक हवा होता. पगार महिना २०० रुपये. निळीचा व्यवस्थापक म्हणून कंपनीच्या मुलखात उघडपणे राहणेही शक्य होणार होते. कुटुंब पुन्हा होडीत बसले.

या वेळी किटी मागेच राहिली. तिने शॉर्टशी लग्न केले. ज्या एका अटीवर डोरोथी घर सोडून आली होती, ती अट बंगालमध्ये पाऊल ठेवल्यावर वर्षभरही टिकली नाही. किटीला दोष देण्याचे कारण नाही. तिला स्वतःचे घर मिळत होते. पण यानंतर नवरा आणि मुले सोडली तर डोरोथीशी तिच्या गावच्या बोलीत बोलणारे कोणी उरले नाही.

मदनाबाटीला विटांचे पक्के घर मिळाले. कॅरी येथे खऱ्या अर्थाने रुजला : बाग, वनस्पती, बंगाली, संस्कृत. पण भोवतालचा प्रदेश पाणथळ आणि तापाचा. ऑक्टोबर १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर वारला. कॅरी स्वतः तापाने खंगलेला होता. परक्या जातीच्या मढ्याला हात लावण्याच्या भीतीने कबर खणायला कोणी पुढे येईना. अखेर चार मुसलमानांनी ती खणली.

१७९५ पासून डोरोथीच्या मनाचा तोल ढळल्याच्या नोंदी सुरू होतात. नवरा व्यभिचारी आहे, असा पक्का भ्रम तिला जडला. ती त्याच्या मागोमाग रस्त्यावर जाई, लोकांदेखत त्याला शिव्या देई आणि एकदा तर सुरी घेऊन त्याच्या अंगावर धावून गेली. १७९६ च्या आरंभी याच घरात जोनाथनचा जन्म झाला. १९९२ मध्ये जेम्स बेक याने डोरोथीचे स्वतंत्र चरित्र लिहिले आणि तिच्याकडे भ्रमविकाराची रुग्ण म्हणून पाहिले. तोपर्यंत बहुतेक चरित्रांत ती थोर पुरुषाच्या वाटेतली धोंड होती.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी कुटुंब डॅनिश श्रीरामपूरला आले. येथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. मार्शमन दांपत्य, विल्यम वॉर्ड आणि इतर एकाच आवारात राहत. तिजोरी एक, जेवणाचे टेबल एक. मोकाट वाढलेल्या कॅरीच्या मुलांना खरे वळण लावले ते हॅना मार्शमन आणि वॉर्ड यांनी. बाकी सर्वांसाठी हे घर ठरले. डोरोथीसाठी ती कोंडून ठेवण्याची खोली होती. तिला कलकत्त्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे, अशी सूचना झाली, ती कॅरीने मानली नाही.

२८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा आणि फेलिक्सचा बाप्तिस्मा हुगळीच्या घाटावर झाला. मिशनच्या इतिहासात हा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जातो. त्या दिवशी आवारात दोन माणसे बंद खोल्यांत होती. एक डोरोथी. दुसरा जॉन थॉमस, ज्याने तिला इंग्लंडमधून बाहेर काढले होते. त्याचेही डोके फिरले होते.

१८०१ पासून कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. बंगाली आणि संस्कृतपाठोपाठ मराठीही त्याच्याकडे आली. वैजनाथ पंडिताच्या साहाय्याने त्याने मराठी ग्रंथांचे काम चालवले. आठवड्याचे काही दिवस तो कलकत्त्यात असे, उरलेले श्रीरामपुरात. शेजारच्या खोलीतून पत्नीचा आरडाओरडा ऐकू येत असताना तो भाषांतराला बसलेला असे, असे त्याच्या निकटवर्तीयांनी नमूद केले आहे. मराठी व्याकरण याच वर्षांतले.

डोरोथी ८ डिसेंबर १८०७ रोजी तापाने वारली. तिचे दफन श्रीरामपुरातच झाले. पुढच्या मे महिन्यात कॅरीने शार्लट रूमोर या सुशिक्षित, बहुभाषी स्त्रीशी लग्न केले. देभाट्याच्या होडीत बरोबर असलेल्या रामराम बसूने सुंदरबन आणि जेसोरच्या मुलखातील राजा प्रतापादित्याचे चरित्र बंगालीत लिहिले होते. त्याचे वैजनाथकृत मराठी रूपांतर १८१६ साली श्रीरामपुरात छापले गेले. डोरोथी ज्या खाड्यांतून आजारी अवस्थेत, मांडीवर तान्हे मूल घेऊन गेली होती, त्याच मुलखाची ती कथा.