ट्रंक टेकायची कुठे

कोकणातल्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी थेट साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. वयाने लहान दिसतोस म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, ते वेगळंच. त्या काळी शिकायला निघालेल्या पोराचं सामान म्हणजे पाठीला मावेल तेवढं: धोतर, पंचा, तांब्या. जास्तीचं लागायचंही नाही, कारण पुण्यात माधुकरी मिळे, वार लागत. सोमवारी एका घरी पान, मंगळवारी दुसऱ्या. त्या गरिबीबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं. ते पान बहुतेक ब्राह्मणाच्या पोरापुरतंच मांडलेलं असायचं, हे मात्र जाता जाता सांगितलं जातं.

बाकीच्यांनी गाठोडं टेकायचं कुठे? कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. जैन, लिंगायत, मुसलमान मुलांची सोय झाली, १९०८मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. कॉलेजांनी शिकवलं खरं, पण आमच्यासारख्यांना शिकवलं ते बोर्डिंगांनी, असं मी तरी म्हणेन.

साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटलांचं बोर्डिंग १९२४चं. माझे वडील तिथे गेले ते माणदेशातून, बैलगाडीत ज्वारीचं पोतं, घोंगडं आणि एक पितळी घेऊन. पोरं पाळीने स्वयंपाक करायची, राबायची. गावोगावच्या बाया मूठ-मूठ धान्य बाजूला काढून ठेवत, तो मुष्टिफंड. त्यामुळे वडिलांचं पोतं तळाला गेलं तरी पितळी रिकामी राहिली नाही.

एसटी आली आणि सामान वाढलं. १ जून १९४८ला पुणे-नगर पहिली गाडी धावली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत पत्र्याची ट्रंक न्यावी कशी हा प्रश्नच मिटला. मागच्या शिडीने हमाल ती टपावर चढवायचा, दोरीने आवळायचा.

मी पुण्याला निघालो जून १९७३मध्ये. आमच्याकडे दुष्काळाने कहर केला होता. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. ट्रंक हिरवी, पाट्या रंगवणाऱ्याकडून झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका लिहून घेतलेला. 'तालुका'ला जागा पुरली नाही, म्हणून 'का' खाली लोंबत होता. तळाला वर्तमानपत्र, त्यावर वह्या, दोन सदरे, कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पीठ. कडक भाकरी मात्र मिलोच्या, रेशनच्या लाल ज्वारीच्या. घरात दुसरं धान्यच नव्हतं. वाकळेची वळकटी सुंभाने बांधलेली. वडिलांनी एकच गोष्ट बजावली, "कोयंडा भितीकडं करून ठिवायचा, बाळा. कुलपावर कुणाची नजर नको." वसतिगृहात कॉटखाली बघतो तर निम्म्या पोरांच्या ट्रंका तशाच, भिंतीकडे तोंड करून.

जवळच्या कॉलेजात गेलेल्या पोरांचं बरं होतं. त्यांचा डबा रोज एसटीने यायचा. फडक्यात बांधलेला, गाठीला नावाची चिठ्ठी, भरवसा ड्रायव्हर-कंडक्टरवर. गाडी स्टँडात शिरली की पोरं धावायची, आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीने परत जायचा. पुण्यापर्यंत डबा टिकायचा नाही. आमच्या नशिबी मेस आणि रविवारची फीस्ट.

आता नातू पुण्यात शिकतो. त्याची चाकांची बॅग आहे, गादी, बादली तिथेच विकत घेतली. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून पेठांमध्ये कॉट बेसिसवर जागा बघत आम्ही दोघं हिंडलो. दोन जिने चढून एका दारात उभे राहिलो. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ हे सगळं नंतर. मालकांनी आधी विचारलं, "आडनाव काय?" आम्ही सांगितलं. खोली कालच गेली होती म्हणे. खाली फाटकावर 'जागा भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती.